चालू सिरीजचा एखादा इश्यू फुसका निघाला तर सिरीज सोडायची का? (उत्तर जरा लांबलंय)

परभणीच्या एका भावानं विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा, की चार अमेरिकन कॉमिक सिरीज चालू आहेत: अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन, अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर, अल्टिमेट स्पायडरमॅन आणि सागा. कॉलेजला आहे, खिशाला परवडेना, दोन सोडायच्यात. बॅटमॅन सुरुवातीला लैच भारी वाटला पण मधेमधे आर्टिस्ट बदलायलेत, एक इश्यू (म्हणजे अंक) जबरी तर पुढचा ढिला. स्पायडरमॅनमध्ये म्हणे काहीच होत नाही. यूट्यूबवाले एका महिन्यात ‘मास्टरपीस’ म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात ‘सिरीज संपली’. वाचतो मोबाईलवर. आणि इन्स्टावर दर इश्यूबद्दल मराठीत मत टाकतो तर लोकं म्हणायलेत की तू नुसती स्टोरीच सांगतोस.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. मी लातूरला घरी बसून फ्लॅटिंगचं काम करतो, बाहेरच्या कलरिस्ट लोकांसाठी. इंक झालेलं काळंपांढरं पान आलं की त्यातला एकेक आकार, म्हणजे चेहरा, केस, कोट, मागची भिंत, खिडकीची गजं, सगळं वेगवेगळ्या सपाट रंगानं भरून द्यायचं. रंग कुठलाबी चालतो, चेहरा पोपटी केला तरी कुणी विचारत नाही, कारण कलरिस्टला तो तेवढा भाग एका क्लिकमध्ये सिलेक्ट करता आला म्हणजे झालं, खरा रंग नंतर तो भरतो. काम तसं बोअर आहे. पण पानातला इंच न इंच बघावा लागतो, त्यामुळं आर्टिस्ट कुठं रमला आणि कुठं उरकलं हे वाचणाऱ्याच्या आधी फ्लॅटरला कळतं. तू सांगितलेल्या चारपैकी एकातही माझा हात नाही, त्या मी तुझ्यासारखाच विकत घेऊन वाचतो, म्हणून मोकळेपणानं बोलता येतंय.

आता मुद्दा. भावा, तुझा खरा प्रश्न ‘कोणती सोडू’ हा नाहीच. तू इश्यू संपला की बघतोस की स्टोरी किती पुढं सरकली, आणि नाही सरकली तर इश्यू फुसका. पण अमेरिकन मंथली इश्यू म्हणजे साधारण वीस-बावीस पानं. तेवढ्यात स्टोरी सरकून सरकून किती सरकणार? पाच-सहा इश्यूंचं एक आर्क, म्हणजे एक सलग गोष्ट, धरलं तर मधले दोन-तीन इश्यू त्या हिशोबानं कायमच फुसके ठरणार, मग लिहिणारा कितीही मोठा असू दे.

आपल्याकडं गावात सप्ताह असतो बघ. सात दिवस रोज रात्री वेगळा कीर्तनकार. शेवटी काल्याचं कीर्तन होतं, गर्दी तिथंच होते, पण म्हणून बुधवारच्या बुवांनी उभं राहून ‘बाकीचं काल्याला ऐका’ असं म्हटलं तर लोकं उठून जातील ना. बुधवारचा अभंग बुधवारीच उलगडून सांगावा लागतो. इश्यूचं तसंच आहे. सिरीज लांब चालली म्हणून त्या महिन्याच्या इश्यूला स्वतःचं काम न करायची सूट मिळत नाही.

मग इश्यूचं काम कोणतं? मी स्वतःला एकच विचारतो, की पहिल्या पानावर जे होतं आणि विसाव्या पानावर जे आहे त्यात असं काय बदललं जे आता मागं घेता येणार नाही? ते घटनाच असावं असं नाही. दोन माणसांतलं नातं बदललेलं चालतं, एखाद्या पात्राबद्दल मला जे वाटत होतं ते उलटलेलं चालतं, कधीकधी तर सिरीज बघायची माझी नजरच बदलते आणि तेही चालतं. पण काहीतरी बदललं पाहिजे. मारामारीची बारा पानं झाली आणि शेवटच्या पानावर नवा व्हिलन अंधारातून बाहेर आला, याला मी बदल धरत नाही. तो फक्त पुढच्या महिन्याचा बोर्ड आहे.

या मापानं तुझा बॅटमॅन घेऊ. (अजून वाचला नसेल त्यानं पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत, थोडंफार फुटणार.)

ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, स्कॉट स्नायडरनं लिहिलेली, निक ड्रॅगोटानं काढलेली. ब्रूस वेनकडं पैसा नाही, बंगला नाही, बाप शाळेतला मास्तर, पोरांना प्राणीसंग्रहालयात नेलं होतं तिथल्या गोळीबारात गेला, आई जिवंत आहे. ब्रूस स्वतः इंजिनिअर. आणि पुढं जे व्हिलन म्हणून आपल्याला माहितीयत ते इथं त्याचे लहानपणचे दोस्त. पहिल्या काही इश्यूंत दर वेळेस एवढं नवीन कळत होतं की ‘बदल’ फुकटात मिळत होता. ओळखीचं जग उलटं करून दाखवलं की प्रत्येक पान नवं वाटतं. ही सोय कायम टिकत नाही. सहा-सात इश्यूंनंतर आपल्याला हे जग पाठ होतं आणि मग लिहिणाऱ्याला खरं काम करावं लागतं. तुला ‘आधी भारी होतं’ असं वाटण्यात अर्धा भाग हाच आहे आणि हे प्रत्येक नव्या सिरीजला होतं, म्हणून तर तिकडं पहिल्या नंबरची विक्री सगळ्यात जास्त असते आणि नंतर उतरत जाते, आणि म्हणूनच दर दोन-चार वर्षांनी जुनीच सिरीज परत एक नंबरपासून चालू करतात.

आर्टिस्ट बदलायचं म्हणशील तर इथं मला जरा थांबून बोलायचंय, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि रिव्ह्यूवाले याबद्दल लई ढोबळ बोलतात.

पेन्सिल आणि इंक दोन्ही स्वतः करणारा माणूस दिवसाला एक पान काढत असेल तर तो फास्ट समजायचा. वीस-बावीस पानं, त्यात कव्हर, त्यात दुरुस्त्या, त्यात आजारपण, त्यात घरचं काही. म्हणजे महिना संपला. त्यानंतर फ्लॅट, कलर, लेटरिंग (बोलण्याचे फुगे आणि त्यातली अक्षरं), मग प्रेस. आणि इश्यूची जाहिरात व्हायला लागते तीन महिने आधी. ड्रॅगोटा तर पानात बारीक बारीक चौकटी भरून टाकतो, त्याचं एक पान म्हणजे दुसऱ्याची दीड-दोन पानं. असा माणूस वर्षाला बारा इश्यू सलग काढेल ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा दुसरा आर्टिस्ट येणारच. प्रश्न एवढाच की तो ठरवून आणलाय का ऐनवेळी धावत आलाय.

ठरवून आणलेला ओळखू येतो. पूर्ण इश्यू त्याचा असतो आणि स्क्रिप्ट त्याच्या हाताला बसेल असं लिहिलेलं असतं. ४ नंबरचा इश्यू आठव, गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टाचा. तो मागच्या काळातला, ब्रूस पहिल्यांदा हे सगळं उभं करायला बघतो तेव्हाचा. वॉल्टाची रेघ थकलेली, जरा मळकट, ड्रॅगोटासारखा दणका त्यात नाही, आणि त्या इश्यूला दणका नकोच होता. मला तरी पहिल्या सहा इश्यूंत तो सगळ्यात आवडला. लोकांनी मात्र ‘फिलर’ म्हणून सोडून दिला कारण चालू भांडण त्यात पुढं गेलं नाही. माझ्या मापानं तो पास आहे, कारण तो वाचल्यावर हा बॅटमॅन नुसता आडदांड राहत नाही, हे सगळं त्यानं कशाच्या जोरावर उभं केलं ते कळतं.

७ आणि ८ मार्कोस मार्टिननं काढलेत, मिस्टर फ्रीझचे. इथंही तेच. मार्टिन मोकळी जागा सोडतो, स्वच्छ रेघ, आणि त्या स्वच्छपणामुळंच ती गोष्ट जास्त भीतीदायक होते. ड्रॅगोटानं ते काढलं असतं तर धमाका झाला असता, भीती वाटली नसती. आणि १५ नंबरला जोकरची गोष्ट जॉकनं काढलीय, कधीच न हसणारा श्रीमंत जोकर, त्याला जॉकची ती खरवडल्यासारखी शाई बरोबर लागू पडते. म्हणजे या सिरीजमध्ये आर्टिस्ट बदलणं हा दोष नाही, उलट पाहुण्यांची निवड ही तिची जमेची बाजू आहे. तुला खटकतंय ते वेगळं काहीतरी असणार.

ऐनवेळची धावपळ कशी दिसते ते सांगतो, कुठल्याबी सिरीजला लावून बघ. क्रेडिटच्या पानावर एकदम तीन-तीन इंकर किंवा दोन कलरिस्ट दिसले की समजायचं कुणीतरी रात्री जागलंय. इश्यूच्या मधूनच, एकाच सीनमध्ये चेहऱ्यांची ठेवण बदलते. पहिल्या दहा पानांत खोलीतलं टेबल, कप, कॅलेंडर सगळं असतं आणि शेवटच्या सहा पानांत मागं नुसता लाल किंवा निळा रंग. क्लोजअप वाढतात. माणसं सावल्या होतात. एकच चौकट कॉपी करून दोनदा वापरलेली असते आणि फक्त फुगा बदललेला असतो. मला अशी पानं आली की माझं काम अर्ध्या वेळेत होतं, कारण भरायला आकारच नसतात, आणि मला तेव्हाच कळतं की हा इश्यू लोकांना अर्धवट वाटणार आणि नेमकं काय खटकलं ते त्यांना सांगता येणार नाही, मग शिव्या लेखकाला पडणार. कधीकधी उलटंही होतं, स्क्रिप्ट पोकळ असते आणि आर्टिस्ट बिचारा पानापानाला जीव लावून ती झाकतो.

बॅटमॅनमध्ये मला स्वतःला जे जड गेलं ते बेन या व्हिलनवालं आर्क. ड्रॅगोटा परत आला, पानं बघायला जबरदस्त, फ्रँक मार्टिनचे रंग तर विचारूच नको, पण तिथं सगळंच इतकं मोठं होत गेलं की बदल जाणवायचं बंद झालं. प्रत्येक इश्यूत आधीच्यापेक्षा जास्त मोडतोड, दोस्तांची वाट लावलेली, आणि वाचणारा बधिर. तुला ‘ढिला’ वाटलेला इश्यू त्यातला असेल तर मी तुझ्यासोबत आहे. यावर बऱ्याच जणांचं उलट मत आहे आणि ते मला पटत नसलं तरी त्यांना ते का आवडलं ते समजतं, इतका दणका मेनस्ट्रीम बॅटमॅनमध्ये क्वचितच मिळतो.

आता मोबाईल. हे तू प्रश्नात सहज लिहून गेलास पण माझ्या मते तुझ्या निम्म्या तक्रारीचं कारण तिथं आहे. कॉमिक बनवताना पान उलटायचा हिशोब असतो. धक्क्याची चौकट शक्यतो पान उलटल्यावर डावीकडं येईल अशी ठेवतात, म्हणजे आधी डोळ्याला दिसू नये. दोन पानं जोडून एक चित्र असतं. मोबाईलवर चौकट-चौकट करून पुढं सरकणाऱ्या मोडमध्ये हे सगळं मेलं. ड्रॅगोटाच्या पंधरा-पंधरा चौकटींच्या पानाची गंमत अशी की पूर्ण पान एका नजरेत दिसतं आणि गुदमरायला होतं, तीच चौकट एकेक करून बघितली की नुसती घाई वाटते. त्यामुळं मत द्यायच्या आधी एकदा तरी मोबाईल उभा धरून अख्खं पान बघत जा, अक्षर नाही वाचता आलं तरी चालेल, आधी पान बघ मग झूम करून वाच.

मार्शियन मॅनहंटरला तर हे लैच लागू आहे. डेनिझ कॅम्पनं लिहिलेली, हावियेर रॉड्रिगेझनं काढलेली, मार्च २०२५ पासून. आधी सहाच इश्यूंची ठरली होती, नंतर बाराची केली. एफबीआयचा एजंट जॉन जोन्स बॉम्बस्फोटातून वाचतो आणि त्याच्या डोक्यात एक मंगळवाला येऊन बसतो, मग त्याला लोकांच्या मनातलं रंगीत धुरासारखं दिसायला लागतं. आता माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल विचार कर. बहुतेक कॉमिकमध्ये रंग शेवटी येतो. चित्र एकाचं, फ्लॅट दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा, आणि चांगला कलरिस्ट असला तरी तो दुसऱ्याच्या घरात सामान लावत असतो. रॉड्रिगेझ स्वतः आधी कलरिस्ट म्हणून बरीच वर्षं काम केलेला माणूस आहे आणि इथं रेघ आणि रंग दोन्ही त्याचेच. त्यामुळं रंग काढला तर गोष्टच उरत नाही. एखाद्या माणसाच्या डोक्यावरचा धूर कोणत्या रंगाचा आहे, तो बाजूच्या माणसाच्या धुरात मिसळतोय का, हेच त्या पानावरचं कथानक असतं, आणि हसन ओट्समान-एल्हाऊचं लेटरिंगही त्या रंगासोबत चालतं, फुगे नुसते वरून चिकटवल्यासारखे वाटत नाहीत.

या सिरीजला ‘समजत नाही’ म्हणणारे बरेच आहेत. खरंय, पहिल्या वाचनात मलाही दोन-तीन ठिकाणी मागं जावं लागतं. पण न समजणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे लेखकालाच माहीत नाही. दुसरं म्हणजे पान हळू वाचायला सांगतंय. इथं दुसरं आहे. आणि आतल्या धुराच्या, मंगळाच्या भानगडी बाजूला ठेवल्या तर ही घरात बायको-पोराशी धड बोलता न येणाऱ्या एका बापाची गोष्ट आहे, आपल्या इकडं अशा बापांची काही कमी नाही, त्यामुळं ओळख पटायला वेळ लागत नाही. या चारपैकी इश्यूमागून इश्यू माझ्या मापाला उतरलेली हीच.

स्पायडरमॅनचं तू ‘काहीच होत नाही’ म्हणालास. जोनाथन हिकमनची, मुख्य आर्टिस्ट मार्को केकेटो, जानेवारी २०२४ ला सुरू. पीटर पार्कर इथं पोरगा नाही, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप आणि मग त्याला पॉवर मिळते. आता हिच्यात एक नियम आहे जो बऱ्याच जणांनी लक्षातच घेतला नाही. बाहेर एक महिना गेला की गोष्टीतही एक महिना जातो. म्हणजे मागचा इश्यू संपला तिथून पुढचा चालू होत नाही, मधले तीस दिवस निघून गेलेले असतात, आणि कधीकधी महत्त्वाची गोष्ट त्या तीस दिवसांतच घडून जाते, पानावर येतच नाही. दर महिन्याला वाचणाऱ्याला ते बरोबर वाटायचं, कारण त्याचाही महिना गेलेला असायचा. ४ नंबरच्या इश्यूत डेव्हिड मेसिनानं काढलेलं नवराबायकोच्या दोन जोड्यांचं हॉटेलातलं जेवण आहे, जवळपास अख्खा इश्यू टेबलावर बोलण्यात जातो. लोकं वैतागली होती. माझ्या मापानं तो त्या सिरीजमधल्या सगळ्यात चांगल्या इश्यूंपैकी एक, कारण उठताना ती चार माणसं बसताना होती तशी राहिलेली नसतात.

पण पुढं पुढं हा नियमच हिकमनच्या अंगावर आला असं मला वाटतं. पात्रं वाढली, माफियावाले, ऑस्बॉर्न, पेपरचं ऑफिस, एकेकाला पाच-पाच पानं दिली की इश्यू संपला, आणि परत महिना उडी. शेवटाकडं बऱ्याच गोष्टी घाईत आवरल्या. २४ इश्यूंत संपवलीय. तेव्हा तुला ती ‘चालू ठेवायची का’ हा प्रश्नच नाही, राहिलेली वाचायची आहे एवढंच. ती सगळी एका रात्रीत संपवू नकोस. सलग वाचली तर त्या महिना-उड्या खड्ड्यासारख्या लागतात. आठवड्याला एक या हिशोबानं घे. मार्व्हलच्या अनलिमिटेड अ‍ॅपवर नवा इश्यू बाहेर आल्यावर साधारण तीन महिन्यांनी येतो, म्हणजे संपलेली सिरीज इश्यू-इश्यू विकत घ्यायची काही गरज नाही, एक-दोन महिने अ‍ॅप घ्यायचं आणि सोडायचं.

सागाबद्दल फार बोलत नाही कारण तुझी त्याबद्दल तक्रार दिसत नाही. ब्रायन व्हॉनची, फिओना स्टेपल्सची, मार्च २०१२ पासून. एवढंच सांगतो की आर्टिस्ट बदलायचा प्रश्न या लोकांनी वेगळ्या रीतीनं सोडवलाय. स्टेपल्स पेन्सिल, इंक, रंग सगळं स्वतः करते, पाहुणा कुणी नाही, त्याबदल्यात सहा इश्यू झाले की सुट्टी. २०१८ च्या जुलैत ५४ नंबरला मोठा धक्का देऊन जे थांबले ते थेट जानेवारी २०२२ ला ५५ घेऊन आले. पूर्ण १०८ चा बेत आहे. म्हणजे पुढची बरीच वर्षं तुला ही थांबत थांबत वाचायची आहे, आणि वाट बघायची सवय आपल्याकडच्या वाचकाला नवी नाही, राज कॉमिक्सच्या सर्वनायकचे पुढचे भाग यायची वाट बघितलेली पिढी अजून आहे. सागा थांबत निघते म्हणून तिला दर महिन्याच्या बजेटमध्ये धरायचीच कशाला? सहा इश्यूंचा पेपरबॅक निघतो तो घे. एक नुकसान आहे, इश्यूच्या मागं वाचकांच्या पत्रांचं पान असतं, कागदावर लिहून पोस्टानं पाठवलेलीच पत्रं घेतात ते लोक, आणि ते पान पेपरबॅकमध्ये येत नाही. ते पान वाचायची आवड असेल तर मात्र इश्यूच घ्यावा लागेल.

मग बजेटचं असं बसतंय: मार्शियन मॅनहंटर इश्यू-इश्यूनं, स्पायडरमॅन अ‍ॅपवर, सागा पेपरबॅक. म्हणजे सोडायचा प्रश्न उरला फक्त बॅटमॅनचा. तिथं माझा सल्ला असा की इश्यू घेणं थांबव पण सिरीज सोडू नकोस. त्याचे पेपरबॅक निघतात, पहिल्या भागात १ ते ६ आहेत. ड्रॅगोटाची पानं कागदावर बघितलीस तर तुझं मत बदलायची शक्यता आहे, मोबाईलवर तर नक्कीच अन्याय होतोय. पण हे तुझ्यावर आहे. दोस्तांमध्ये दर महिन्याला त्यावर चर्चा होत असेल, तुझ्या इन्स्टावर त्याच पोस्टला लोकं येत असतील, तर इश्यू बंद करण्यात अर्थ नाही, मग दुसरं काहीतरी कमी कर. आणि रक्तपात सहन होत नसेल तर सरळ सोडून दे, पुढं तो कमी होईल या आशेवर राहू नको.

सिरीज सोडायची कधी यावर मी स्वतः असं करतो. एक इश्यू फसला तर काही नाही. सलग दोन इश्यूंत काहीच बदललं नाही असं वाटलं तर क्रेडिट बघतो, धावपळ दिसली तर अजून एक संधी देतो, कारण शेड्यूल सुधारतं. पण सगळी टीम तीच, वेळ भरपूर, पानं देखणी आणि तरी आत काही हलत नाही, तर मग आर्क पूर्ण व्हायची वाट बघत नाही, मधेच सोडतो. ‘आता एवढी घेतली तर शेवटपर्यंत घेऊ’ या नादात लोकं वर्ष-वर्ष घेत राहतात. आणि पुढच्या महिन्याच्या जाहिरातीवर जाऊन ठरवू नको. वॉकिंग डेड जुलै २०१९ मध्ये १९३ नंबरला अचानक संपवली तेव्हा पुढच्या इश्यूंच्या खोट्या जाहिराती, कव्हरसकट, आधीच देऊन ठेवल्या होत्या, कुणाला संशय येऊ नये म्हणून. ते मजेशीर होतं, पण जाहिरात म्हणजे जाहिरातच.

राहिलं तुझ्या इन्स्टाचं. दोन-तीन पोस्ट वाचल्या मी. लोकं म्हणतात ते बरोबर आहे, तू स्टोरी सांगतोस, आणि शेवटी दहापैकी साडेसात. स्टोरी ज्यानं वाचलीय त्याला माहीत आहे, ज्यानं नाही वाचली त्याची तू मजा घालवतोस, म्हणजे दोघांनाही उपयोग नाही. कथानक दोन ओळींत उरक. मग एक पान पकड, जिथं तू थांबलास किंवा जिथं तुझं लक्ष उडालं, आणि तिथं काय झालं ते सांग. चौकट मोठी होती का, फुगे जास्त होते का, रंग अचानक बदलला का. भारी शब्द लागत नाहीत, ‘हितं मला कळेना कोण बोलायलंय’ हेसुद्धा चांगलं निरीक्षण आहे, कारण ती लेटरिंगची किंवा माणसं उभी करण्याची चूक असते. बॅटमॅनच्या पोस्टमध्ये ‘आर्ट ठीक’ एवढंच लिहिलंयस. कुणाचं आर्ट? रेघ ठीक का रंग ठीक? काऊन ठीक? कलरिस्ट आणि लेटररचं नाव क्रेडिटमध्ये असतं, ते टाकायला लाग. मराठीत कुणी टाकत नाही, तू टाकलंस तर निदान वाचणाऱ्याला कळेल की हे काम पाच-सहा जणांचं असतं. (फ्लॅटरचं नाव बहुतेक वेळा छापतच नाहीत, त्याबद्दल मी काही बोलत नाही.)

आणि मार्क देणं बंद कर राव. लातूरात राहून सांगतो, इथं चौकाचौकात मार्कांचे फ्लेक्स लागलेत, कॉमिकला तरी त्यातून सोड. मधल्या इश्यूला साडेसात दिलेस आणि आर्क संपल्यावर कळलं की सगळं त्यावरच उभं होतं, मग काय रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरणार का? त्याऐवजी ‘हा इश्यू स्वतःच्या पायावर उभा आहे का’ आणि ‘पुढच्याची वाट बघावीशी वाटते का’ ही दोन उत्तरं वेगवेगळी दे. दोन्ही हो असू शकतात, एकच हो असू शकतं. जेवणाचा तो स्पायडरमॅनचा इश्यू पहिल्याला हो आहे आणि दुसऱ्याला फारसा नाही. बेनवाले काही इश्यू बरोबर उलटे, पुढं काय होतं ते बघायला मी थांबलो होतो पण तो इश्यू परत काढून वाचावा असं एकदाही वाटलं नाही.

अजून एक, पूर्ण पानांचे स्क्रीनशॉट लावत जाऊ नको, शेवटचं पान तर अजिबात नको. एखादी चौकट पुरते, जिच्याबद्दल बोलतोयस तेवढीच.

घरात कुणाचा टॅब असला तर मार्शियन मॅनहंटरचा पहिला इश्यू त्यावर परत वाचून बघ आणि मोबाईलपेक्षा काय वेगळं दिसलं ते इथंच खाली लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय. बॅटमॅनचा कोणता नंबर ढिला वाटला तेपण सांग, तू नंबरच दिला नाहीस म्हणून मी बेनवर अंदाजानं बोललोय.